अध्यापनातल्या तंत्रज्ञानासाठी सल्लागार गट: कॉलेजात कसा नेमायचा, कसा चालवायचा

फेब्रुवारी सरत आला की कॉलेजच्या ऑफिसात कोटेशनं येऊ लागतात. निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा असतो. तुलनात्मक तक्ता होतो, सगळ्यांत कमी दरावर सही होते आणि जूनमध्ये दोन वर्गांत स्मार्ट बोर्ड लागतात. दिवाळीपर्यंत एकाचं पेन हरवलेलं असतं आणि दुसऱ्यावर नुसत्या पीडीएफ दाखवणं चालू असतं. यात कोणाचा वाईट हेतू असतो असंही नाही. कोणत्या विषयातली कोणती अडचण सोडवायला हा बोर्ड घेतला, हे विचारायची जबाबदारी कोणाकडेच नव्हती, एवढंच.

ती जबाबदारी ज्याच्याकडे सोपवायची तो अध्यापन-तंत्रज्ञान सल्लागार गट. परदेशातल्या बऱ्याच विद्यापीठांत असे गट असतात. शिक्षक, विद्यार्थी, ग्रंथपाल आणि तांत्रिक कर्मचारी त्यात एकत्र बसतात, आणि शिकवण्यासाठी कोणती साधनं घ्यावीत, कोणती सोडावीत याचा सल्ला प्रशासनाला देतात. सातारा-सांगलीत याची गरज आता वाढली आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत हे दोन्ही जिल्हे येतात, आणि अनेक वर्षं अभ्यासक्रमापासून परीक्षेपर्यंत सगळं तिथून ठरून यायचं. आता बरीच कॉलेजं स्वायत्त झाली. साताऱ्यात तर रयत शिक्षण संस्थेच्या तीन कॉलेजांचं मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभं राहिलं. अभ्यासक्रम आपला, परीक्षा आपली, म्हटल्यावर ऑनलाइन चाचणी कशावर घ्यायची हेही आपल्यालाच ठरवावं लागतं.

१. आधी कागदावर जागा

नव्या समितीचं नाव काढलं की स्टाफरूममध्ये पहिला उसासा ऐकू येतो. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, आधीच इतक्या समित्या आहेत, त्यात आणखी एक कशाला? रास्त शंका आहे. म्हणून हा गट हवेत ठेवू नका, असलेल्या रचनेला जोडा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ च्या कलम ९७ नुसार संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती, म्हणजे आपली सीडीसी, असतेच. अध्यापनात माहिती-तंत्रज्ञानाचा वापर वाढावा यासाठी व्यवस्थापनाला शिफारशी करणं हे कायद्यानेच तिच्या कामांत घातलं आहे. पण सीडीसीपुढे अंदाजपत्रकापासून वसतिगृहापर्यंत शंभर विषय असतात. तिला तयार, तपासलेली शिफारस देणारा गट, एवढीच याची ओळख ठेवा. स्वायत्त कॉलेजात अभ्यासक्रमाशी किंवा मूल्यमापनाशी संबंधित मुद्दा विद्या परिषदेकडे जाईल, खर्चाचा सीडीसी किंवा वित्त समितीकडे.

प्राचार्यांच्या सहीचा एका पानाचा कार्यालयीन आदेश पुरतो. त्यात एक वाक्य मात्र हट्टाने घालून घ्या: ‘गटाच्या लेखी शिफारशीवर ३० दिवसांत लेखी उत्तर दिले जाईल, शिफारस अमान्य असल्यास कारण नमूद केले जाईल.’ हे वाक्य नसेल तर गट वर्षभरात चहा-बिस्किटांपुरता उरतो.

आणि या गटाला खर्चाचा अधिकार देऊ नका. अनेकांना हे उलटं वाटतं, अधिकार नाही तर वजन काय, असं ते म्हणतात. पण ज्या दिवशी सही गटाच्या हातात येते त्या दिवसापासून विक्रेत्यांचे फोन संयोजकाला येऊ लागतात, दिवाळीला मिठाईचे बॉक्सही येतात, आणि बैठकीत शिकवण्याबद्दल बोलणं बंद होऊन दरांबद्दल सुरू होतं. खरेदी समिती वेगळी राहू द्या. तिच्यातला एकही सभासद या गटात नको.

२. माणसं कोण?

नऊ ते अकरा जण पुरेत. संयोजक शिकवणारा माणूस असावा, संगणक विभागाचाच असला पाहिजे असं काही नाही. इतिहासाच्या किंवा मराठीच्या प्राध्यापिका हे काम बऱ्याचदा जास्त चांगलं करतात, कारण न कळणारी गोष्ट ‘मला कळली नाही’ म्हणायला त्यांना संकोच नसतो. तंत्रज्ञानावर अजिबात विश्वास नसलेले एक ज्येष्ठ सरही मुद्दाम घ्या. ते जो प्रश्न विचारतील तोच पुढे वर्गात निघणार असतो.

तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे शिक्षक बहुतेक समित्यांत नसतात. इथे एक तरी हवेत. बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षाचे मोठे वर्ग तेच घेतात, आणि नव्या प्रणालीवर नोट्स चढवण्याचा वेळ त्यांच्या तासिकेच्या मानधनात धरलेला नसतो. हा मुद्दा त्यांच्याशिवाय कोणी काढत नाही. ग्रंथपाल, परीक्षा विभागातले एक कर्मचारी आणि प्रोजेक्टर बंद पडला की ज्यांना बोलावलं जातं ते लॅब असिस्टंट ही तीन माणसं तर पाहिजेतच.

विद्यार्थी दोन घ्या, आणि निवडताना हुशार-बोलका एवढंच पाहू नका. एक विद्यार्थी असा हवा जो पाटण, जावळी किंवा शिराळ्याकडून रोज एसटीने येतो. सांगली शहरातलं कॉलेज असेल तर जत-आटपाडीकडचा. शक्य असेल तिथे दृष्टिबाधित किंवा अन्य दिव्यांग विद्यार्थी किंवा शिक्षक गटात असावेत. नसतील तर निदान दर सत्रात एकदा त्यांना बोलावून साधन त्यांच्या हातात द्या.

आता खरी अडचण. प्राचार्य आणि विभागप्रमुख समोर बसलेले असताना एसवायची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची, मुलगी ‘सर, तो ॲप आमच्याकडे चालतच नाही’ असं म्हणेल का? बहुतेक नाही. ‘हो सर, छान आहे सर’ एवढंच ऐकायला मिळेल. यावर एक साधा उपाय चालतो. विद्यार्थ्यांचा विषय पत्रिकेत पहिला ठेवा, त्यांनी वर्गातून गोळा केलेल्या चिठ्ठ्या संयोजकाने मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि चिठ्ठी कोणाची हे विचारू नये. प्राचार्यांनी पहिला अर्धा तास उशिरा यावं, हेही त्यांना आधीच सांगून ठेवता येतं. समजूतदार प्राचार्य हसून मान्य करतात.

३. पाहणी, पण गूगल फॉर्मवर नको

‘ऑनलाइन शिक्षणात अडचण येते का?’ हा प्रश्न ऑनलाइन फॉर्मवर विचारला की ज्यांना सगळ्यांत जास्त अडचण आहे तेच उत्तर देत नाहीत. मग नव्वद टक्के विद्यार्थी समाधानी असल्याचा आलेख तयार होतो आणि तो अहवालात जाऊन बसतो. म्हणून छापील कागद घ्या, तास संपायला दहा मिनिटं असताना वर्गातच भरून घ्या, नाव लिहायला लावू नका.

प्रश्न साधे आणि पोटात शिरणारे हवेत. फोन स्वतःचा आहे की घरात वाटून वापरायचा? संध्याकाळी फोन कोणाच्या हातात असतो? घरात रेंज येते की गच्चीवर, वस्तीच्या टेकाडावर जावं लागतं? रोजचा नेटपॅक किती जीबीचा? शेवटची एसटी किती वाजता? (हा शेवटचा प्रश्न तंत्रज्ञानाचा वाटत नाही, पण चार वाजता संगणक प्रयोगशाळा मोकळी ठेवून उपयोग काय, हे त्यावरूनच कळतं.) मुलींच्या उत्तरांची बेरीज वेगळी करा. फोन भावाकडे असणं हा प्रकार एकत्र बेरजेत दिसत नाही.

मग थोडं गणित करा, त्याला तज्ज्ञ लागत नाही. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने चालणारा तासभराचा व्हिडिओ साधारण ४५० एमबी डेटा खातो. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर तीन तासांत तो संपत आला. तेच व्याख्यान ३२ किलोबिटच्या ध्वनिमुद्रणात दिलं तर तासाला १५ एमबीसुद्धा लागत नाही. सोबत फळ्याचे चार फोटो आणि दोन पानांची टिपणं दिली की कोयनेच्या खोऱ्यातल्या मुलालाही ते मिळतं. कॉलेजातही हेच: साठ मुलांनी एकाच वेळी तसा व्हिडिओ लावला तर साठ मेगाबिटची खरीखुरी जोडणी लागते, आणि ती वर्गापर्यंत पोचावी लागते. ऑफिसच्या राउटरवर शंभरचा वेग दिसतो म्हणून मागच्या इमारतीतही तो असेल असं नाही.

शेवटचं म्हणजे गटातल्या प्रत्येकाने एकेका वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसावं. प्रोजेक्टरवरची अक्षरं तिथून वाचता येतात का, दुपारी खिडकीतून ऊन पडल्यावर पडदा दिसतो का, माइक आहे का? माझं तर म्हणणं आहे की ऐंशी-शंभर मुलांच्या वर्गात पहिला खर्च माइक आणि जाड पडद्यांवर व्हावा. त्याचं उद्घाटन करता येत नाही, हाच काय तो तोटा.

४. मागणी येईल ती अडचणीच्या रूपात

विभागाकडून ‘आम्हाला अमुक सॉफ्टवेअर हवं’ असा अर्ज आला तर तो परत पाठवा, आणि सोबत एका पानाचा नमुना द्या. विद्यार्थी नेमके कुठे अडतात? ते तुम्हाला कशावरून कळलं? आत्ता त्यावर काय करता? नवीन साधनाने त्यात काय बदलेल? एक वर्षाने ते चाललं की नाही हे कसं ओळखणार?

समजा वाणिज्य शाखेने संख्याशास्त्रासाठी महागडं ॲनिमेशनवालं पॅकेज मागितलं. नमुना भरताना लक्षात येतं की मुलं सूत्रापाशी अडत नाहीत. तीन आठवडे काहीच सोडवत नाहीत, मग अंतर्गत चाचणीच्या आदल्या रात्री सगळं एकदम पाहतात. अशा अडचणीला दर आठवड्याची पाच प्रश्नांची स्वतः तपासली जाणारी चाचणी पुरते, आणि ती मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरवर होते. मागणी करणाऱ्या मॅडमना हे पटवताना थोडं अवघडच जातं. म्हणून नमुना त्यांनाच भरायला द्यायचा. उत्तर त्यांच्याच कागदावर उमटतं.

५. एक सत्र, दोन तुकड्या

कोणतंही साधन आधी एका सत्रासाठी, दोनच तुकड्यांत आणि हौशी नसलेल्या निदान एका शिक्षकाकडे द्या. हौशी शिक्षकाकडे सगळंच चालतं, त्यावरून काही कळत नाही. प्रयोग सुरू होण्याआधीच थांबायची अट लिहून ठेवा. उदाहरणार्थ, सहाव्या आठवड्यात निम्म्यांपेक्षा कमी विद्यार्थी चाचणी देत असतील तर प्रयोग बंद. अट आधी लिहिलेली नसली की ‘अजून एक सत्र पाहू’ म्हणत तो पाच वर्षं चालतो.

मोजायचं काय? लॉगिनचे आकडे फसवतात. साठ जणांनी लॉगिन केलं याचा अर्थ साठ जण शिकले असा नाही. हजेरीला धरणार म्हटल्यावर मुलं एकमेकांचे पासवर्डही वापरतात. त्याऐवजी एकाच प्रकारचा प्रश्न सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी द्या. शिक्षकाचा आठवड्याचा वेळ किती वाढला-घटला तेही टिपा.

खर्चाच्या बाबतीत ‘फुकट’ या शब्दापाशी थांबा. मूडल २००२ पासून मुक्त स्रोतात आहे, परवान्याचे पैसे पडत नाहीत. पण त्याला सर्व्हर लागतो, रोजचा बॅकअप लागतो, दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती चढवावी लागते आणि ते करणारा माणूस लागतो. तो माणूस हंगामी असेल आणि मे महिन्यात त्याची ऑर्डर संपत असेल तर जूनमध्ये पासवर्ड कोणाकडे असतो? शिफारशीत खर्चाचा तक्ता तीन वर्षांचा द्या: साधन, वार्षिक देखभाल करार, बॅटऱ्या, इंटरनेट, माणसाचा पगार, शिक्षकांचा वेळ. पहिल्या वर्षाच्या आकड्यावर कधीही निर्णय होऊ देऊ नका.

६. शिफारशीआधी तपासण्या

एक, वाचता येतं का. ज्या पीडीएफ आपण ग्रुपवर टाकतो त्या बऱ्याचदा झेरॉक्सचे फोटो असतात. दृष्टिबाधित विद्यार्थ्याच्या संगणकावरच्या स्क्रीन रीडरला त्यात एक अक्षर सापडत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी नोट्सचंही तेच, वाचक सॉफ्टवेअर त्यातून अर्थहीन इंग्रजी अक्षरं बोलून दाखवतं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विंडोजवर मोफत चालतो आणि मराठीही वाचतो. प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर तो टाका, नवीन साधन उघडा, माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवर गृहपाठ जमा करून पाहा. दहा मिनिटांत निकाल हातात येतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यातल्या समान संधीच्या तरतुदी उतारावरच्या रॅम्पपाशी संपत नाहीत.

दोन, माहिती कुठे जाते. ॲप विद्यार्थ्याचा फोन नंबर, फोटो, ठिकाण मागतं. का मागतं, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्या व्यक्तीला मूल धरलं आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हा सर्वसाधारण नियम आहे. ज्युनियर कॉलेजचा प्रश्न तर आहेच, पण एफवायला जूनमध्ये येणारी कित्येक मुलंही सतरा वर्षांची असतात, हे विसरलं जातं.

तीन, बाहेर पडायचा रस्ता. करार संपला तर गुण, प्रश्नपेढी आणि नोट्स कोणत्या स्वरूपात परत मिळतील? ‘मिळेल ना सर’ हे उत्तर चालत नाही. प्रयोगाच्या काळातच एकदा सगळं उतरवून घेऊन दुसरीकडे उघडून पाहा.

चार, पाणी आणि वीज. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. तरीही तळमजला थंड असतो म्हणून सर्व्हर तिथेच ठेवण्याची सवय जात नाही. सर्व्हर आणि यूपीएस वरच्या मजल्यावर न्या, आणि गुणांची एक प्रत नदीपासून लांब, दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर असू द्या. डोंगराकडच्या कॉलेजांत पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तिथे यूपीएस किती मिनिटं तग धरतो ते चाचणीच्या दिवशी कळण्याऐवजी आधी मोजा.

७. दोन विषय जे टाळता येणार नाहीत

पहिला स्वयमचा, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठाचा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एखाद्या कार्यक्रमाचे ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून घेता येतात. ही कमाल मर्यादा आहे, गाठायचं उद्दिष्ट नाही. कोणते विषय आपल्याकडे शिकवायला माणूसच नाही, मुलांना इंग्रजीतली व्याख्यानं झेपतील का, प्रत्येक स्वयम विषयाला कॉलेजातला एक मार्गदर्शक शिक्षक मिळेल का, हे गटाने अभ्यास मंडळांना विचारावं. आणि हो, वर्कलोड कमी होईल ही भीती शिक्षकांच्या मनात असते. ती उघड बोलू द्या, नाहीतर ती दुसऱ्याच कुठल्या आक्षेपाच्या रूपात बाहेर येते.

दुसरा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि गृहपाठाची वही एका रात्रीत संशयास्पद झाली. बंदीचं परिपत्रक काढणं सोपं आहे, पण मोबाईल खिशात असताना ते पाळून घेणार कोण? गटाने विषयवार धोरण सुचवावं. प्रत्येक गृहपाठाच्या वर शिक्षकाने एक ओळ लिहायची: यात एआयची मदत चालेल, नुसती भाषा सुधारायला चालेल, की अजिबात चालणार नाही. महत्त्वाच्या प्रकल्पाला पाच मिनिटांची तोंडी परीक्षा जोडायची. आणि एआयने लिहिलेलं ओळखून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्केवारीवर कोणाचेही गुण कापायचे नाहीत. अशी साधनं माणसाने लिहिलेलंही यंत्राचं ठरवतात. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक चांगला गृहपाठ सुचवतो: आपल्या गावाबद्दल एआयला लिहायला लावा आणि त्यातल्या चुका शोधून, घरच्यांना विचारून दुरुस्त करा. कोरेगावच्या पोराला कोरेगावबद्दलच्या थापा लगेच कळतात.

८. वेळापत्रक

वर्षाला चार बैठका, त्याहून जास्त ठरवल्या तर होत नाहीत. जुलैत पाहणी आणि अडचणींचे नमुने. सप्टेंबरच्या शेवटी, गणपतीनंतर, चालू प्रयोगांचा आढावा. डिसेंबरात शिफारसी पक्क्या. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होण्याआधी त्या सीडीसीच्या टेबलावर पोचल्या पाहिजेत. मार्चमध्ये आलेला उत्तम सल्ला कोटेशनांच्या मागे रांगेत उभा राहतो. चौथी बैठक एप्रिलमध्ये, आणि तिचा विषय एकच: काय बंद करायचं. कोणते परवाने वाया जातायत, कोणतं ॲप कोणी उघडत नाही, एकाच कामासाठी तीन ग्रुप का आहेत.

इतिवृत्त दोन पानांच्या आत, मराठीत. तीन रकाने पुरे: काय सुचवलं, कोणाकडे गेलं, उत्तर काय आलं. तिसरा रकाना रिकामा असला तरी तो तसाच सूचना फलकावर लावायचा. रिकाम्या चौकटीकडे येता-जाता पाहून कुलसचिवांनी किंवा प्राचार्यांनी स्वतःहून उत्तर लिहिण्याची शक्यता स्मरणपत्रापेक्षा जास्त असते.

शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी प्रमाणपत्राची एकदिवसीय कार्यशाळा शक्यतो नको. सहा-सात शिक्षकांनी आपापला पुढच्या आठवड्याचा पाठ घेऊन बसायचं, लॅब असिस्टंटने शेजारी थांबायचं आणि उठताना पाठ तयार झालेला असायचा. दुपारचे दोन तास लागतात.

गटाची मुदत दोन वर्षांची ठेवा आणि दरवर्षी निम्मे सभासद बदला, म्हणजे जुन्या प्रयोगांची आठवण राहते आणि तीच ती मतंही साचत नाहीत. विद्यार्थी सभासद एसवायला असतानाच घ्या. टीवायचा विद्यार्थी घेतला तर पहिलं सत्र समजून घेण्यात जातं आणि दुसऱ्यात तो परीक्षेला बसलेला असतो.